कासारणीची भिंत

पोरांनो, आणि पोरांच्या आयांनो, तुम्हीपण ऐका. राजे आले नि गेले, इतकी जुनी ही गोष्ट.

एका गावात एक कासारीण होती. घरोघर बांगड्या भरायची, म्हणून कुठल्या घरात काय चालतं ते तिला ठाऊक. अक्षरओळख जेमतेम. पण दर बाजाराच्या दिवशी पाणवठ्याकडच्या आपल्या भिंतीवर ती कोळशानं लिहायची, आपलं गाव कसं जगतं ते. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची, बाकीचे ऐकत.

लग्नातल्या रुसव्याफुगव्यांवर लिहिलं, लोक हसले. मग एकदा तिनं लिहिलं:

"काल गावजेवण झालं. पुरुषांच्या तीन पंगती उठल्या. आम्ही बसलो तेव्हा बासुंदी संपलेली. मी भाताची खरवड खाल्ली आणि सुनेला म्हटलं, पोट भरलंय माझं. खोटं बोलले. हे खोटं सासूकडून शिकले, आता सुनेला शिकवतेय."

या वेळी कुणी हसलं नाही.

पाटील तणतणत आला. "गावाची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस? पूस ते, नाहीतर गाव सोड."

"पाटील, खोटं बोलले मी, लिहिलं मी, भिंत माझी. तुमचं काय गेलं?"

"लिहायला गावात शास्त्रीबुवा आहेत!"

"शास्त्रीबुवा पहिल्या पंगतीला होते."

पाटलानं चुन्याची बादली मागवली आणि स्वतःच कुंचला उचलला. तेवढ्यात पाण्याला आलेली त्याची म्हातारी आई पुढं झाली.

"थांब रे. मला वाचता येत नाही. आधी वाचून दाखव, मग पूस."

पाटील वाचू लागला. शेवटी शेवटी त्याचा आवाज बारीक झाला.

आई म्हणाली, "पोट भरलंय असं मी तुला चाळीस वर्षं सांगतेय. एकदा तरी भांड्यात डोकावलास?"

पाटलानं कुंचला खाली ठेवला. पुढच्या गावजेवणाला बायकांची पंगत पहिली बसली आणि वाढायला खुद्द पाटील.

बायका कासारणीला डोक्यावर घेऊन नाचायच्या बेतात होत्या. पण बाजाराचा दिवस आला आणि तिनं लिहिलं, पहिल्या पंगतीला बसून आम्ही बायकांनी पानात किती टाकलं, आणि त्यातलं माझ्या पानात किती होतं. बायका चिडल्या. ती मान ताठ ठेवून बांगड्या भरायला निघून गेली. भिंतीला हात लावायची मात्र पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

ध्यानात ठेवा: जो आधी स्वतःचं खोटं उघडं करतो, त्याला गावाचं खोटं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.