समुद्र खारट का?

पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेच्या वाचनालयाच्या छपरात झुमकी नावाची खार राहायची. तिला वाचनाचं भारी वेड. स्थळ बघायला आलं की मावशी बजावायची, “पुस्तकांचं काढू नकोस गं! शेंगा छान सोलते, एवढंच सांग.” झुमकी तसंच सांगायची आणि पाहुणे गेल्यावर उदास होऊन बसायची.

एकदा भुरका तिला बघायला आला. “दिवसभर काय करतेस?” त्याने विचारलं.

झुमकीला राहवलं नाही. “वाचते. समुद्र खारट का असतो ते शोधतेय, पण नेमकं तेच पान उंदरांनी खाल्लंय.”

मावशीने कपाळावर हात मारला. भुरका मात्र पुढे सरकला.

“मला वाचता येत नाही. पण तो खरंच खारट असतो? चल, चाखून बघू!”

मावशीकडे न बघताच झुमकी म्हणाली, “चल.”