सड्यावरचं गाऱ्हाणं

"मग करू ना बंद?" सुहास नाबरने पुन्हा विचारलं.

जिवबा मास्तर सर्वांगासनात होते. डोकं जमिनीला, पाय आढ्याकडे. त्यामुळे सुहास आपलं दुःख मास्तरांच्या तळपायांना सांगत होता, आणि तळपाय काही बोलत नव्हते.

"तुम्ही नुसतं होय म्हणा, मास्तर. लगेच पुसून टाकतो सगळं."

...

धामणवाडीच्या सातेरी देवीच्या देवळात मास्तर रोज सकाळी गावाला योगासनं शिकवत. पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाल्यावर श्वास शिकवू लागले. शिकवणं तरी असं किती? ‘श्वास सोडलंस काय वाईच रव, फुडच्या श्वासाची घाई करू नको,’ थोडं थांबायचं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत.

सुहास त्यांचा जुना शिष्य. कुडाळात त्याचं औषधांचं दुकान. आसनांत गडी पक्का होता, मयूरासन तर असं करायचा की नवीन माणसाने तोंडात बोट घालावं. खोड एकच. आसन जमलं की कोण बघतंय ते बघायचा. एकदा वृक्षासनात एका पायावर झाडासारखा उभा होता, कोणीच बघत नाहीसं दिसलं आणि तिथेच आपटला. वर्ग आठवडाभर हसत होता.

दुसरा नाद भटकण्याचा. रविवार उजाडला की हा पाण्याची बाटली घेऊन घराबाहेर. लांब कुठे नाही, आपल्याच मुलखात. इथला सडा, तिथला झरा, कुठली देवराई. संध्याकाळी परत आला की ब्लॉगवर लिहायचा. ब्लॉगचं नाव ‘आमचो सडो’. नाव मालवणीत, पण आतली भाषा इस्त्री केलेली. ब्लॉग सुरू झाल्यापासून तो दुकानाच्या फळीवरूनही छापील मराठी बोलायला लागला होता.

पहिल्या लेखांचं भारी कौतुक झालं. मुंबईहून, दुबईहून लोक लिहायचे, गावाची आठवण आली म्हणून रडायचे. मग हळूहळू ओघ आटला. शेवटच्या लेखाखाली एकच प्रतिक्रिया आली, ‘छान’. ती मावशीची. आणि मावशीने लेख वाचलाच नव्हता, हे तिने स्वतःच फोनवर सांगून टाकलं.

तेव्हापासून सुहास रविवारी घरात लोळत होता. कोणी वाचणार नाही तर चालायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको रोहिणी कंटाळली. तोंड पाडून घरात बसलात तर मीच सड्यावर जाऊन राहीन, म्हणाली, एकदा मास्तरांना विचारा आणि काय तो सोक्षमोक्ष लावा.

म्हणून तो आला होता. ठरवून आला होता. फोन खिशात होता, ब्लॉग पुसायला एक बोट पुरलं असतं. मास्तरांचा होकार तेवढा हवा होता... आणि खरं सांगायचं तर त्या होकाराचीच त्याला भीती वाटत होती.

मास्तरांनी पाय सावकाश खाली आणले. थोडा वेळ पडून राहिले. मग उठून धोतर झटकलं आणि काठी घेतली.

"नारळ घे एक," म्हणाले. "सड्यार जावया."

भाद्रपदातलं ऊन. देवळामागची घाटी चढून दोघं वर आले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं रान. सुहास मास्तरांच्या मागून मान खाली घालून चालला होता. आपण दुःखी आहोत हे मास्तरांना दिसावं, एवढी काळजी त्याने घेतली होती.

आणि मध्येच तो खाली बसला.

कातळाच्या खळग्यात पाणी साचलं होतं, आणि पाण्याच्या कडेला निळी इवली फुलं उभी होती. सीतेची आसवं. सुहासने कोपर चिखलात टेकलं, नाक फुलाला लावलं आणि बोलत सुटला. ही फुलं गेल्या वर्षी पलीकडच्या उतारावर होती, ह्या वर्षी हयसर कशी इली, मास्तर बघा तरी, आणि दिसायला गरीब पण किडे खातात बरं का. छापील मराठी कधीच गळून पडली होती. त्याचं त्याला कळलं नव्हतं.

मास्तर उन्हात उभे राहून ऐकत होते.

बऱ्याच वेळाने सुहासला आपलं दुःख आठवलं, तसा तो उठला.

सड्याच्या टोकाला एक किंजळीचं झाड आहे. त्याच्याखाली राखणदाराचा, म्हणजे रानाची राखण करणाऱ्या देवाचा, पाषाण. पूर्वी गुरं राखणारे सगळे इथे जमत. आता गुरंही नाहीत आणि राखणारेही नाहीत. सुहासला ही जागा ठाऊक होती. मावशीचं ‘छान’ आलं तो लेख ह्याच पाषाणावर होता. जुनी जखम पुन्हा सलली.

मास्तरांनी नारळ पाषाणापुढे ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले.

गाऱ्हाण्याची रीत अशी. एकाने देवापुढे मागणं मांडायचं. एक मागणं झालं की थांबायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, ‘होय म्हाराजा.’ मग पुढचं मागणं. ते ‘होय’ आलं नाही तर मागणं अर्ध्यावर लोंबकळल्यासारखं वाटतं. 

"बा देवा म्हाराजा, ह्यो सुहास, नाबरांचो झील, आज तुझ्या पायाकडे इलो आसा. तेची काय वाट चुकली आसात, तर ती तेका दाखव रे म्हाराजा..."

मास्तर थांबले.

...

गवत हललं. सुहासचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. लहानपणी जत्रेत त्याचाच ‘होय’ सगळ्यांत मोठा असायचा. पण आता चष्मा होता, दुकान होतं. रिकाम्या सड्यावर एकट्याने ओरडायचं म्हणजे त्याला लाज वाटली.

मास्तर पुढे बोलू लागले. काही कमी पडलंय असं त्यांच्या आवाजात नव्हतं.

"तेका लिवूचां वाटता, आणि कोणीतरी वाचूक व्हया असां वाटता. वाचणारो जो कोण आसात, तेका तेच्या वाटेक घाल रे म्हाराजा..."

...

आता सुहासला ती शांतता सोसेना. एवढा म्हातारा माणूस त्याच्यासाठी देवाशी बोलतोय, आणि दुजोरा द्यायला कुत्रंही नाही.

"आणि कोणच नसात, तरी सड्याचो आणि तेचो संबंध तुटाक देऊ नको रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

गळ्यातून निघालेला आवाज एवढा मोठा होता की गवतातली टिटवी घाबरून उडाली आणि डोक्यावर घिरट्या घालत दोघांना शिव्या देऊ लागली. सुहासच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो हसायला लागला. मास्तरही हसले, आणि हसता हसताच त्यांनी नारळ पाषाणावर फोडला.

किंजळीच्या सावलीत बसून दोघांनी खोबरं खाल्लं. मास्तरांच्या कनवटीला गुळाचा खडा होता, तो निम्मा निम्मा झाला. आपण दर सोमवारी इथे येतो, असं मास्तर बोलता बोलता सांगून गेले.

सुहास चावायचा थांबला.

"सोबत कोण असतं?"

"कोण नाय."

"मग होय कोण म्हणतं?"

"कोण म्हणतलो? कोण नाय."

"मग मध्ये मध्ये थांबता कशाला, मास्तर?"

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू चप्पल पायात का घालतात असं त्याने विचारलं होतं.

"रवाक नको? कोण इलो तर तेका जागा नको?"

...

"आणि नाही आलं कोणी तर?"

"मगे फुडचां म्हणूचां," मास्तर म्हणाले, आणि राहिलेलं खोबरं फडक्यात बांधायला लागले. रोहिणीला द्यायला.

उतरताना सुहास पुढे होता. बंद करू का, हे विचारायचं त्याच्या डोक्यातून निघून गेलं होतं. ओठ पुटपुटत होते, बोटं हवेत हलत होती. घाटीच्या वळणावर तो एकदम थांबला, मास्तरांकडे वळला आणि लेख वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाला,

"आज सड्यार एक टिटवी माका हसली."

म्हणाला, आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. होय म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वर टिटवी अजून ओरडत होती.

...

"फुडे?" मास्तर म्हणाले.