हैबतीची माती

एकदा एका गावच्या तालमीत एक दिवंगत पैलवान फार माजला होता. हयात असताना तो अतिशय विनम्र, खाली मान घालून चालणारा मनुष्य होता. परंतु देह ठेवल्यानंतर त्याची ताकद वर्षागणिक वाढत गेली. त्याचे नाव हैबती. गावातल्या पारावर किंवा दुकानात त्याची रोज एक तरी कुस्ती लागत असे, आणि ती तो न चुकता जिंकत असे.

अशा कुस्त्या लावण्याचा सर्वांत मोठा नाद गुळाच्या एका व्यापाऱ्याला होता. माणूस उदार मनाचा. तालमीतल्या मल्लांना तूप-बदाम तोच पुरवी, आणि हौद्यातल्या, म्हणजे कुस्ती खेळायच्या खड्ड्यातल्या, तांबड्या मातीत कालवायला तेल, ताक, हळदही तोच पाठवी. संध्याकाळी त्याच्या दुकानात बैठक भरे. एका बाजूला मागच्या पिढीतला हैबती, दुसऱ्या बाजूला आजचा कुणीही नामांकित मल्ल. मग वजनाची चर्चा होई, खुराकाची होई. हैबतीच्या वेळी कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालायची, आताच्यांना घड्याळ लागते. हैबती मैदानाला पायी जायचा, आताचे मोटारीतून उतरतात. बोलता बोलता आजचा मल्ल आडवा होई. होणारच. दिवंगताला दम लागत नाही, त्याचा गुडघा दुखत नाही, आणि लोकांना त्याचा आठवतो तो फक्त सर्वोत्तम दिवस. त्या एका दिवसाशी जिवंत माणसाने आपला रोजचा दिवस भिडवायचा. आपल्याही घराघरांत स्वर्गवासी काकांशी पुतण्यांच्या अशा कुस्त्या लागतच असतात.

इथवर ही करमणूक होती. पुढे त्या तालमीत सिदा नावाचा एक शिष्य तयार झाला आणि लोकांनी हैबतीची जोड थेट त्याच्याशी लावायला सुरुवात केली. यात्रेचे मैदान तोंडावर आले होते. मानाची शेवटची कुस्ती कित्येक वर्षांनी गावच्याच पैलवानाला, म्हणजे सिद्याला, मिळाली होती. समोर पलीकडच्या तालुक्यातला एक दांडगा मल्ल होता. पट काढण्यात, म्हणजे झटकन वाकून प्रतिस्पर्ध्याचे पाय ओढून त्याला पाडण्यात, त्याचा हातखंडा होता.

पण सिद्याच्या डोळ्यांसमोर तो मल्ल नव्हताच. हैबतीचा हुकमी डाव होता ढाक. समोरच्याचा हात धरून त्याला आपल्या अंगावरून फेकायचे. सिदा दिवसभर त्या ढाकेतून सुटण्याचा सराव करी. हात आखडून, छाती मागे घेऊन, ताठ उभा राही. परिणाम असा झाला, की त्याच्याहून हलका असलेला सरावातला जोडीदार खाली वाकून खुशाल त्याचे पाय ओढून नेऊ लागला. जो डाव टाकणारा कुणी शिल्लक नव्हता, त्याच्यापासून सिदा स्वतःला जपत होता आणि खरा डाव पायाशी येऊन बसला होता. त्याला अन्न गोड लागेना.

तालमीचे वस्ताद वृद्ध होते. तरुणपणी ते हैबतीचेच शिष्य होते, आणि आता सिद्याला तेच शिकवत होते. दोघांच्याही अंगाला ज्याचे अंग भिडले आहे असा गावात तेवढा एकच मनुष्य. त्यामुळे निकाल त्यांनी द्यावा असे सर्वांना वाटे. वस्ताद मात्र दर वेळी "बघू" एवढेच म्हणत.

एके सकाळी सिदा तालमीत आला तो बोचके काखेत मारून.

"वस्ताद, माझ्याऐवजी दुसरा कुणीतरी उभा करा. मी मामाच्या गावाला जातो."

"का रं?"

"जितलो तर लोक म्हणणार, हैबती असता तर याच्या आधी जितला असता. हरलो तर म्हणणार, हैबतीच्या मातीला बट्टा लावला. मी कुणाशी खेळतोय तेच मला कळंना झालंय."

वस्ताद काही बोलणार, तोच ताकाच्या घागरी घेऊन व्यापारी दारात हजर झाला. त्याने बोचके पाहिले नाही. नेहमीच्या उत्साहात तो म्हणाला, "वस्ताद, आज काय ते एकदाचं सांगून टाका. हैबती आणि सिदा. कोण मारणार?"

"सांगतो," वस्ताद म्हणाले. "आजच निकाल देतो."

सिद्याने काखेतले बोचके आवळून धरले. व्यापारी तर घागर ठेवायचीच विसरला. वस्तादांनी खुंटीवरची चाळणी काढली आणि हौद्यात टाकली.

"पर कुस्ती रीतीनं व्हायला पायजे. हैबती त्याच्या मातीत खेळंल, ह्यो ह्याच्या मातीत. न्हाईतर उद्या तुम्हीच म्हणाल, माती ह्याच्या बाजूची हुती. चाळा हौदा. हैबतीच्या येळची माती डावीकडं घाला, सिद्याच्या येळची उजवीकडं. शेठ, तुम्हीबी बसा. निकालाची घाई तुम्हाला हाय."

वस्तादांचा शब्द मोडण्याची रीत त्या तालमीत नव्हती. सिद्याने बोचके कोपऱ्यात ठेवले आणि खोऱ्याने माती उकरायला घेतली. व्यापारी धोतर खोचून हुश्श करत उकिडवा बसला.

"ही जरा काळपट दिसती," पहिली मूठ डोळ्यांजवळ नेत तो म्हणाला. "ही हैबतीची."

दुसरी मूठही तशीच निघाली. तिसरीही. व्यापाऱ्याने मातीचा वास घेतला. तेलाचा वास आला. पण हे तेल त्याने यंदा घातलेले, की त्याच्या वडिलांनी घातलेले, हे त्याला सांगता येईना. डावा ढीग नि उजवा ढीग यांच्यात कावळ्यालाही फरक करता आला नसता. उन्हे वर आली. व्यापाऱ्याच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. शेवटी सिद्याने चाळणी खाली ठेवली.

"वस्ताद, ही माती वेगळी होत न्हाई."

"न्हाईच व्हायची," वस्ताद त्याच्याशेजारी हौद्याच्या काठावर बसले. "ह्या तालमीतली माती आजवर कुणी बाहेर टाकली न्हाई. नवी आणतो ती जुन्यातच कालवतो. हैबती ह्यातच घामाघूम होऊन पडायचा. मी बघितलाय त्याला पडताना, पुष्कळदा. मैदानाच्या आदल्या दिवशी त्याच्याबी घशाखाली घास उतरत नव्हता, कारण लोक त्याला म्हणायचे, तुझ्या वस्तादाची सर तुला यायची न्हाई. पोरा, तू त्याला तुझ्यासमोर उभा केलास. तिथं तो कधी नव्हताच. तो तुझ्या पायाखाली हाय. आपटलास तरी ह्या हौद्यात हाड मोडत न्हाई, ते कशामुळं? त्यानं आणि त्याच्या आधीच्यांनी ही माती अंगानं घुसळून मऊ केली म्हणून. तुला पाडायचं काम त्याचं न्हाई. तू पडलास तर तुला झेलायचं काम त्याचं."

सिद्याने मूठभर माती उचलली आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवली. मग तो हसू लागला. कित्येक दिवसांनी त्याचे खांदे सैल झाले होते, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आले ते त्याने त्याच मातकट हाताने पुसले. त्याला अतिशय हलके वाटले. भूकही लागली होती. व्यापाऱ्याने मुकाट्याने ताकाची घागर त्याच्यापुढे सरकवली. मातीच्या वाटणीचे ताक त्या दिवशी सिद्याच्या पोटात गेले.

यात्रेच्या दिवशी मैदानातल्या मातीत वस्तादांनी तालमीतली पाटीभर माती आणून कालवली. कुस्ती लागली. दांडग्या मल्लाने सलामीलाच पट काढला आणि सिदा तोंडावर आपटला. सिद्याचा गाल मातीत रुतला होता, नाकात हळदीचा आणि तेलाचा ओळखीचा वास होता. त्याला भीती वाटली नाही. त्याने अंग आवळले, पाठ मातीला लागली की हार, म्हणून ती लागू दिली नाही, आणि संधी मिळताच निसटून उठला. आता तो समोरच्या माणसाकडे पाहत होता. त्याचा श्वास, त्याचे खांदे, वाकण्याआधी किंचित पुढे येणारा त्याचा डावा पाय. पुढच्या वेळी तो पाय पुढे आला तेव्हा सिदा त्याच्याही आधी वाकलेला होता. कुस्ती लांबली, दोघेही दमले, आणि अखेर सिद्याने घिस्सा डाव मारून त्याला मातीवर उलटवला आणि चीत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन तालमीत आला. सिद्याच्या पाठीवर त्याने थाप मारली, तोंडात पेढा कोंबला आणि सवयीने बोलून गेला, "पर खरं सांगू? काल हैबती असता तर..."

सिद्याने खुंटीवरची चाळणी काढली आणि अदबीने त्याच्यापुढे धरली.

व्यापाऱ्याने चाळणीकडे पाहिले. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले.

"...तर बघायला आला असता," तो म्हणाला. "एवढंच म्हणत हुतो मी."