सुतार पक्ष्याची पत्रावळ

पळसाच्या एका रानात, मुलांनो, एक सुतार पक्षी आपल्या बायकोसह राहत असे. उभा जन्म त्याने ठोकण्यात घालवला होता. पोपटांना, साळुंक्यांना, पिंगळ्यांना तो झाडात ढोल्या कोरून देई आणि मोबदल्यात बिया घेई. त्याच्याच झाडाखाली बिळात एक साळिंदर राहत असे. तोही एकटाच कामे करी. कुणाला बीळ खणून दे, कुणाला कंद उकरून दे. दोघेही कुणाचे चाकर नव्हते, आणि आता दोघेही थकले होते. सुतार पक्ष्याची मान सकाळी वळत नसे. साळिंदराची नखे झिजून बोथट झाली होती.

त्या रानात म्हाताऱ्यांसाठी एक सामाईक कोठार होते. मोठ्या अर्जुनाच्या पोकळ खोडात एक खार ते सांभाळी. रीत अशी होती की ज्याने त्या वर्षी आपला वाटा कोठारात टाकला, त्याच्या नावाच्या पत्रावळीला खार एक पान टाचून देई. पुढे हातपाय थकले की त्या पत्रावळीवर मावतील तेवढे दाणे त्याला रोज मिळत. कळपात राहणाऱ्यांचा वाटा कळपाचा नाईकच भरी. एकट्याने काम करणाऱ्यावर मात्र सक्ती नव्हती. त्याने भरला तर पान, नाही भरला तर नाही. राहून गेलेली पाने मागाहून लावून घेता येत. पण एकदा पत्रावळीवर खायला सुरुवात केली की तिला पुन्हा टाका घालायचा नाही, असा नियम होता.

दोघांनाही येत्या पावसाळ्यानंतर खायला बसायचे होते. दोघांचीही मधली कितीतरी वर्षे पान न लागता कोरडी गेली होती. एका वर्षी सुतार पक्ष्याची चोचच तडकली होती, आणि साळिंदर तर चांगल्या वर्षीसुद्धा "पुढच्या वर्षी बघू" म्हणत आला होता. आता दोघांकडे पावसाळ्यापुरत्या बिया साठवलेल्या होत्या. त्या कोठारात टाकाव्यात, तर पावसाळा अर्धपोटी काढावा लागणार. न टाकाव्यात, तर पुढचे सगळे दिवस अर्धपोटी जाण्याची भीती.

"टाक, टाक! विचार कसला करतोस?" फांदीवर बसून कावळा म्हणाला. "त्या रानडुकरिणीने उशिरा पाने लावून घेतली. आता बसून खाते आहे बघ."

"तुझी किती पाने लागली रे?" सुतार पक्ष्याने विचारले.

"माझं काय! मी कुठे म्हातारा होणार आहे?" असे म्हणून कावळा उडून गेला.

सुतार पक्ष्याची बायको इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, कावळ्याला विचारण्यापेक्षा एकदा जाऊन आपली पत्रावळ बघून या ना. बघायला काही बिया पडत नाहीत."

"आज नको. मान दुखते आहे."

"मान रोजच दुखते. म्हणून तर जा म्हणते."

पण तो गेला नाही. कोठार लांब होते, आणि आपली पत्रावळ वीतभरसुद्धा नसेल, हे डोळ्यांनी पाहायचे त्याच्या जिवावर आले होते. असे करता करता आभाळात ढग दिसू लागले. तेव्हा एका सकाळी तो मुकाट्याने उठला, चोचीत मावतील तेवढ्या बिया घेतल्या आणि निघाला. परत आला, पुन्हा घेऊन गेला. मानेला कळ लागली की तो वाटेत एका खुंटावर टेकून बसे.

बिळातून साळिंदराने डोके बाहेर काढले. "निघालास होय? बरं झालं. आल्यावर मला सांग, भरण्यात राम आहे की नाही. तुझं जे ठरेल तेच माझं. या नखांनी एवढं लांब जायचं माझ्याने होत नाही."

अर्जुनाच्या बुंध्याशी बियांचा ढीग लागला, तेव्हा खार खोडातून बाहेर आली. "काय हे सुतारदादा? कुणाचं लग्न आहे?"

"लग्न कसलं, खारूताई! राहिलेली पाने लावून दे. जेवढी लागतील तेवढी."

"अगोदर पत्रावळ तर बघशील?"

"काय बघायची? असेल चार पानांची."

खार आत गेली आणि त्याची पत्रावळ घेऊन आली. ढोलीच्या तोंडातून ती जेमतेम बाहेर निघाली. तिच्या कडा दोन्हीकडून सालीला घासत होत्या. सुतार पक्षी पाहतच राहिला.

"ही माझी नव्हे," तो म्हणाला.

"तुझीच आहे. तरुणपणी वानरांच्या टोळीबरोबर होतास ना? टोळीने उडी मारण्याआधी फांद्या ठोकून कोणती पोकळ, कोणती भरीव हे सांगायचास. त्या वर्षांची पाने आहेत ही. टोळीचा नाईक दरवर्षी भरत होता."

"नाईक माझ्या वाट्यातून मूठभर काढून ठेवायचा खरा. मला वाटायचं, तोच खातो. मी मनातून त्याला शिव्या घालायचो."

"आता आणखी पाने लावली तर ती या तोंडातून निघायची नाहीत. दुमडतील, त्यांच्यावरचे दाणे आतच सांडतील. तुझ्या बिया फुकट जातील."

"तोंड एवढं अरुंद कोणी ठेवलं?"

खार त्याच्याकडे पाहून हसली. "तूच कोरलंस, दादा. साप शिरायला नको म्हणून सगळ्यांनी मिळून तेवढंच सांगितलं होतं."

सुतार पक्षीही हसला, पण हसताना त्याची मान दुखली. मग तो त्या साऱ्या बिया पुन्हा चोचीने घरी नेऊ लागला. शेवटची खेप आणली तेव्हा त्याचे डोळे मिटत होते. खालून साळिंदर ओरडला, "काय झालं रे? भरायचं की नाही?"

"मला गरज नाही," सुतार पक्षी म्हणाला. "तुझी तू बघून ये." आणि तो तिथेच झोपला.

साळिंदराने पहिले वाक्य ऐकले, दुसरे ऐकून सोडून दिले. 'याला नको, तर मला कशाला?' असे म्हणून तो बिळात गेला. सारा पावसाळा त्याने आपल्या बिया पोटभर खाल्ल्या. इतका आराम त्याला कधी मिळाला नव्हता.

पावसाळा सरला. दोघे हळूहळू चालत, थांबत कोठारापाशी गेले. सुतार पक्ष्याची पत्रावळ भरून आली. मग साळिंदराची आली. ती ढोलीतून अगदी सहज बाहेर आली. तिच्यावर जेमतेम अर्ध्या पोटापुरते दाणे राहिले, बाकीचे कडेवरून घरंगळून गेले.

"खारूताई, आणखी काही पाने लाव की," साळिंदर म्हणाला. "बिया मी नंतर आणून देईन."

"पावसाआधी आला असतास, तर तुझ्या बियांत हवी तेवढी पाने लागली असती. जागाही भरपूर होती. आता दाणे पडले, भाऊ. आता टाका घालता येत नाही."

सुतार पक्ष्याने आपल्या पत्रावळीवरचे थोडे दाणे त्याच्याकडे सरकवले. त्या दिवशी दोघेही जेवले. पण रोज सरकवण्याइतकी ती पत्रावळ मोठी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. परतीच्या वाटेवर ते त्याच खुंटावर बसले.

तात्पर्य एवढेच : म्हातारपणासाठी आणखी भर घालावी की नाही, हे ठरवण्याआधी आपली पत्रावळ आपण वेळेवर पाहून यावी, शेजाऱ्याच्या पत्रावळीवरून आपले पोट मोजता येत नाही.