तलवारीखालची रिकामी जागा

राजा रणधवलच्या नव्याकोऱ्या बाजारात सकाळपासून कोणी आलं असेल, तर ते एक गाढव. आणि तेही वाट चुकून.

बाजारात काही कमी नव्हतं. दगडी ओटे होते, प्यायला विहीर होती, सावलीला मांडव होता. फक्त माणूस नव्हता. शेजारच्या संस्थानाचा बाजार मोडून काढायचा हट्ट महाराजांनी धरला होता आणि त्यासाठी बाजाराच्या तोंडाशी तीन रस्ते मिळतात तिथल्या मोठ्या भिंतीवर त्यांनी जाहिरात रंगवून घेतली होती. दवंडी आता जुनी झाली, असं त्यांचं म्हणणं.

भिंत रंगवली रखमोजी चिताऱ्यानं. वांगी, बांगड्या, बैलगाड्या काढाव्यात असं बिचाऱ्यानं सुचवूनही पाहिलं. महाराज म्हणाले, वांगी बघायला कोण येतं? मला काढ! मग भिंतीवर महाराज उभे राहिले. पिळदार मिशा, वटारलेले डोळे, उगारलेली तलवार. खाली कविराजांनी आपल्या हातानं अक्षरं घातली: ‘गुरुवारी बाजाराला यावे. महाराज जातीने हजर राहतील.’

लोक भिंतीपाशी थांबले. गावच्या पंतोजींनी अक्षरं मोठ्यानं वाचली. लोकांनी ती ऐकली, वर तलवारीकडे पाहिलं आणि आपापल्या शेळ्या-कोंबड्या घेऊन शेजारच्या संस्थानाची वाट धरली.

दरबारात चौकशी बसली. कविराज म्हणाले, आपण तर ‘यावे’ असं अदबीनं लिहिलं आहे, यात वावगं काय? रखमोजी म्हणाला, मिशीचा केस न् केस महाराजांसारखा काढलाय. दोघांचंही खरं होतं. म्हणजे चूक प्रजेची. पण सगळी प्रजा हद्दपार केली तर बाजारात यायचं कोणी? कविराज तर महाराणींचे सख्खे भाऊ, त्यामुळे त्यांच्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं. उरला रखमोजी. त्यानं आठवड्याच्या आत संस्थान सोडावं, असा हुकूम झाला. सगळा जन्म म्हाताऱ्यानं याच गावच्या भिंती रंगवण्यात घालवला होता.

तेवढ्यात त्याची मुलगी गोजरा पुढं आली. बापाचे रंग तीच खलत असे.

“महाराज, एक गुरुवार द्या. बाजार भरवून दाखवते. नाही भरला तर आम्ही दोघं गाठोडं बांधतो.”

महाराजांना गंमत वाटली. पण त्यांचा हट्ट काही सुटेना. त्या चित्राला राजगुरूंनी हार घातलेला, त्याला कुंचला लावणं म्हणजे राजाच्या अंगाला हात लावणं. अक्षरं म्हणजे राजाज्ञा, त्यातलं एक पुसायचं नाही आणि नवं एकही घालायचं नाही. वर दवंडी पिटायची नाही. आता भरव बाजार!

दरबार खो-खो हसला. गोजरानं फक्त विचारलं, “उरलेली भिंत माझी ना?”

“घे की. चाट हवी तर,” महाराज म्हणाले.

गोजरानं भिंतीपाशी हिरवा रंग नेला, लाल नेला आणि बियांपुरता काळा. महाराजांना तिनं बोटही लावलं नाही. तलवारीच्या पात्याखाली तिनं एक भलंमोठं कलिंगड काढलं. मधोमध चिरलेलं, लालबुंद. शेजारी न चिरलेल्या कलिंगडांची रास. एवढंच काढून ती घरी आली आणि भाकरी थापायला बसली. रखमोजी मात्र गाठोडं बांधायला लागला.

उन्हाळ्याचे दिवस. भिंतीवरचे महाराज होते तसेच होते. डोळेही वटारलेलेच होते, पण आता फोडी सारख्या पडाव्यात म्हणून ते रोखून बघताहेत असं वाटायचं. पंतोजींनी पुन्हा तीच अक्षरं वाचली. ‘महाराज जातीने हजर राहतील’ हे ऐकून बायांनी तोंडाला पदर लावला. केवढा साधा राजा, म्हणाल्या, स्वतः कापून देतो!

गुरुवारी बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही. महाराज घोड्यावरून मिशा पिळत आले, तर सगळ्यांच्या हातात पळसाची पानं. एक म्हातारी थेट लगामापाशीच आली.

“महाराज, आमची फोड कुठं हाय?”

“कसली फोड?”

म्हातारीनं भिंतीकडं बोट केलं. महाराजांनी नवं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा कलिंगडासारखा लाल झाला. गोजराला बोलावणं गेलं.

“मी फोडी वाटणार असं कुठं लिहिलंय?”

“कुठंच नाही, महाराज.”

“मग चित्रात मी वाटतोय?”

“नाही. आपण तलवार उगारलीय, तेवढंच.”

“मग ही माणसं पानं घेऊन का उभी आहेत?”

“महाराज, मुंडकी उडवणार असं तरी मागच्या खेपेला कुठं लिहिलं होतं?” गोजरा म्हणाली. “लोकांनी अक्षरं ऐकली, चित्र बघितलं, आणि तलवारीखाली जी जागा रिकामी दिसली ती त्यांची त्यांनी भरली. तेव्हा तिथं प्रत्येकानं स्वतःची मान ठेवली होती. मी मान काढून कलिंगड ठेवलं.”

रखमोजीनं डोळे मिटून घेतले.

मग घोड्यावरून हसू फुटलं. महाराज इतके हसले की पागोटं घसरलं आणि ते सावरायचंही भान त्यांना राहिलं नाही. रखमोजीची हद्दपारी तिथल्या तिथं रद्द झाली. ती भिंत गोजराला इनाम मिळाली. यापुढं तिथं काय रंगवायचं ते तिनंच ठरवायचं, महाराजांनाही तिला विचारावं लागेल. बाजारातली सगळी कलिंगडं सरकारी खर्चानं विकत घेतली गेली आणि ती वाहून आणायचं काम कविराजांकडे गेलं.

महाराज घोड्यावरून उतरले, बाह्या सारल्या आणि तलवार उपसली. ती म्यानातून निघून कशाला तरी लागण्याची ही पहिलीच वेळ. धार चांगली होती.