गुळाचा खडा आणि घोंगडी

चिमाची झोप उडवली होती ती एका गुळाच्या खड्याने.

झालं होतं असं. कुंभेगडच्या राजाला पावसाळ्यात गडावर पहारा देणाऱ्यांसाठी चाळीस घोंगड्या हव्या होत्या. थेंबभर पाणी आत येता कामा नये, ही अट. आणि ज्याची घोंगडी गळेल त्या सणगराचा माग सरकारजमा. चिमाच्या घरात माग एकच आणि खाणारी तोंडं पाच. म्हणून तिने नमुन्याची घोंगडी आधी घरीच तपासून पाहिली. सहा वर्षांच्या लेकीला, ठमीला, ती डोक्यावरून खोळ करून पांघरली, मुठीत गुळाचा खडा दिला आणि वरून चाळणीतून घागरभर पाणी ओतलं. पाणी आत शिरलं तर गूळ विरघळेल, नाही तर राहील.

खोळ काढली तर ठमीचे केस कोरडे, परकर कोरडा आणि मुठीत नुसता चिकटपणा. गूळ नाही!

चिमाने वीण उजेडात धरून पाहिली, चिंचोक्याची खळ पुन्हा चढवली, पुन्हा पाणी ओतलं. गूळ पुन्हा गेला. तिसऱ्यांदाही गेला. ठमी मात्र चौथ्यांदा उभी राहायला एका पायावर तयार होती. नवऱ्याला सांगावं, तर तो तापाने फणफणलेला. शेवटी तीच घोंगडी काखेत मारून, ठमीचा हात धरून ती दरबारात आली.

तिथला प्रकार आणखीच निराळा. कोठीवरचे दाजीपंत घोंगडीचे चार कोपरे चार खुंट्यांना बांधत, मध्ये दोन घागरी पाणी भरत आणि खाली थेंबाची वाट बघत बसत. थेंब पडायचाच. सकाळपासून सहा सणगरांचे माग गेले होते. ही युक्ती पंतांना घरबसल्या सुचली होती. पावसात ते मेण्याशिवाय बाहेर पडत नसत.

चिमाची पाळी आली. आपली घोंगडी इथे टिकणार नाही हे तिला दिसत होतं, आणि ती घरीही टिकली नव्हती हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"सरकार," ती म्हणाली, "आधी वाड्याच्या छपराचं एक कौल मागवाल का?"

राजाने मागवलं. तिने ते नळीचं कौल जमिनीवर उताणं ठेवलं आणि दाजीपंतांनाच त्यात तांब्याभर पाणी ओतायला लावलं. पाणी दोन्ही टोकांनी निघालं आणि थेट पंतांच्या जोड्यांत शिरलं.

"घोटभरसुद्धा धरेना," चिमा म्हणाली. "आता सगळं छप्पर उतरवायचं का, सरकार?"

"उतरवायचं कशाला? वीस वर्षांत आमच्या डोक्यावर थेंब नाही पडला."

"का नाही पडला?"

"पाणी ओघळून जातं म्हणून," राजा बोलून गेला आणि थांबला.

"मग घोंगडीलाच पाणी साठवायला का सांगता? तिला घागर व्हायचं असतं तर ती मागावर कशाला आली असती? कुंभाराच्या चाकावर नसती का गेली?"

दरबारात कुणीतरी खोकून हसू लपवलं. दाजीपंत जोडा झटकत म्हणाले की बोलणं सोपं आहे, पण घोंगडीच्या आत पाणी येत नाही याचा पुरावा काय?

चिमाला इथे गप्प बसता आलं असतं. पण ती बोलून बसली: खोळ करायची, मुठीत गुळाचा खडा धरायचा. शब्द तोंडातून निघाले आणि तिला ठमीची रिकामी मूठ आठवली. राजाला मात्र ही कल्पना भारी आवडली. दुसरं कुणी कशाला, आम्हीच उभे राहतो, म्हणत त्याने खोळ पांघरली, खडा घेतला आणि भर पावसात चौकात जाऊन उभा राहिला. चिमा डोळे मिटून मागावरचा एकेक धागा आठवत राहिली. सगळ्या दरबारात त्या घोंगडीवर विश्वास नसलेली आता ती एकटीच होती.

घटकाभराने राजा आत आला आणि मूठ उघडली. खडा जसाच्या तसा, कडासुद्धा शाबूत! राजा हसता हसता खाली बसला.

"पंत, सहाही माग परत करा. उद्यापासून तपासणी पावसात, आणि खोळीत तुम्ही."

चाळीस घोंगड्यांचं काम सातही सणगरांना वाटून मिळालं. चिमाला वर लुगडं आणि गुळाची अख्खी ढेप.

चिमा अजून त्या खड्याकडेच बघत होती. राजाने तो ठमीच्या तळहातावर ठेवला. ठमीने तो उलटसुलट करून पाहिला, मग राजाकडे पाहिलं आणि आईचा पदर ओढला.

"आई, यांनी खाल्लाच नाही?"