कुंभेरीच्या राजाचं मोटारघर

“विकत घेणार नाही! भाड्यानं आणणार नाही! भागीत तर मुळीच नाही! पण येत्या दिवाळीत आम्ही मोटारघरात झोपणार म्हणजे झोपणार!”

कुंभेरी संस्थानचे राजे गुणवंतराव असे गरजले आणि दरबारातले सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

झालं होतं असं, की मुंबईच्या एका दलालानं महालाच्या आवारात चाकांवरचं घर आणून उभं केलं होतं. पुढे इंजिन, मागे खोली! खोलीत पलंग, चूल, तोंड धुवायचं भांडं, खिडक्यांना झालरीचे पडदे. राजेसाहेब आत शिरले, पलंगावर दोनदा उसळून पाहिलं आणि वेडेच झाले. खरं तर कुंभेरीचं राज्य एवढंसं, की हे घर सुरू केलं तर चहाला उकळी फुटायच्या आत हद्द संपावी. पण हे सांगणार कोण?

दिवाण म्हणाले होते, “विकतच घेऊ, सरकार. नदीकाठचं परटांचं रान विकलं की झालं!”

राजांना पैसा सुटत नव्हता. खजिनदार म्हणाले, “मग भाड्यानं आणू.”

“म्हणजे काल ज्या गादीवर कुणी परका घोरला, तिच्यावर आज आम्ही?”

राणीसाहेब वैशाखातच लग्न होऊन आलेल्या. त्यांनी पडद्याआडून सुचवलं, “आमच्या आबासाहेबांबरोबर भागीत घेतलं तर?”

आबासाहेब म्हणजे शेजारच्या तळवडे संस्थानचे रणधीरराव. सासऱ्या-जावयाचं मांडवातच वाजलं होतं, ते अजून मिटलं नव्हतं.

“त्यांच्याबरोबर?” राजे कडाडले. “कोरडे आठ महिने ते उंडारणार आणि पावसाळ्यात चिखलानं भरलेलं घर आमच्या दारात लोटून देणार! आठ दिवसांत काहीतरी तोड काढा. नाहीतर रान विकून टाकतो!”

इस्त्रीच्या अंगरख्यांची चळत घेऊन दाराशी उभ्या असलेल्या हौसानं हे ऐकलं. ती परटाची लेक. साऱ्या परीटवाड्याची धुणी त्या रानात वाळत. रान गेलं की कपडे काय डोक्यावर वाळवायचे?

ती पुढे झाली. “सरकार, तोड आहे. पण मी सांगेन तेवढं ऐकायचं.”

“परटाची पोर सांगणार आणि आम्ही ऐकणार?”

“दिवाणसाहेब सांगत असतील तर त्यांचं ऐका. माझी ना नाही.”

दिवाणांनी घाईघाईनं छताकडे पाहिलं. राजे धुमसत म्हणाले, “बोल!”

“त्या दलालाला एवढंच म्हणा, की हे घर तळवड्याला दाखवू नकोस. सासरेबुवांना झेपायचं नाही!”

हे वाक्य राजांना इतकं आवडलं, की त्यांनी ते दलालाला तीनदा ऐकवलं. दलाल तिथून निघाला तो थेट तळवड्याला गेला आणि तिखटमीठ लावून त्यानं तेच वाक्य रणधीररावांच्या कानावर घातलं.

“आम्हाला झेपायचं नाही? आम्हाला?” रणधीररावांनी मिशीवर ताव दिला आणि उभ्या उभ्या मोटारघर विकत घेतलं. दुसऱ्याच दिवशी ते कुंभेरीच्या हद्दीवरून भोंगा वाजवत फिरू लागले.

राजांनी हौसाला बोलावून घेतलं. “हीच का तुझी तोड? नाक कापलंस आमचं!”

“सरकार, घर घेतलं कुणी?”

“त्यांनी!”

“ड्रायव्हरचा पगार कोण देणार? पेट्रोल कोण भरणार? टायर फुटला तर रडणार कोण?”

“तेच! पण झोपणार कोण? तेच ना!”

“सरकार, ही तुमची पहिली दिवाळी. दिवाळसणाला ते तुम्हाला न्यायला गाडी पाठवतीलच. मोटारघर सोडून दुसरं काही आलं, तर रुसायचं!”

राजांचा चेहरा उजळला. “रुसायला तर आम्हाला फारच छान येतं!”

आणि आलं ते दुसरंच! धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी महालाच्या दारात तळवड्याची दमणी उभी राहिली. बैलांच्या गळ्यात घुंगरं, आत लोड-तक्के, सगळा थाट. राजांनी नुसतं खिडकीतून पाहिलं आणि पांघरूण ओढून घेतलं. “आमचं डोकं दुखतंय!”

दमणी रिकामी परत गेली. तळवड्याच्या महालात सासूबाईंनी रणधीररावांना फैलावर घेतलं. “दारात मोटारघर झुलतंय आणि पहिल्या सणाला जावयाला बैलगाडी? माझ्या लेकीनं सासरी तोंड कसं दाखवायचं?”

दुसऱ्या दिवशी कुंभेरीच्या महालापुढे भोंगा वाजला! राणीसाहेब पुढे ड्रायव्हरच्या मागच्या गादीवर बसल्या. राजे मागे पलंगावर आडवे झाले ते तळवडे येईपर्यंत उठले नाहीत. सणाचे चारही दिवस त्यांनी मुक्काम मोटारघरातच ठोकला. आणि जावई आत झोपलेला असताना सासऱ्यानं आत पाऊल कसं टाकावं? भाऊबीज झाल्यावर लेक-जावयाला पोचवायला रणधीरराव निघाले, तेही मागून दमणीत बसून, आपल्याच मोटारघराची धूळ खात!

कुंभेरीत उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या मिशा मातकट झाल्या होत्या. “जावईबापू, ही अक्कल तुमची नव्हे,” ते म्हणाले. “कुणाची, ते सांगा!”

राजांनी हसत दाराशी उभ्या असलेल्या हौसाकडे बोट केलं.

“असं का?” रणधीररावांनी तिच्यावर डोळे रोखले. “एवढी शहाणी ना तू? मग सांग! घर माझं, खर्च माझा आणि दमणीत मीच! हे मोटारघर घेऊन मी कमावलं तरी काय?”

हौसानं पदर सावरला.

“जावई कमावलात, सरकार! असा पक्का जावई साऱ्या मुलखात कुणाला मिळालाय? मोटार बंद पडेल, पण जावईबापू खाली उतरायचे नाहीत!”

मग रणधीरराव असे खदखदून हसले, की मिशांतली धूळ भुर्रकन उडाली. गुणवंतरावही पोट धरून हसू लागले. सासऱ्यानं आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातावर ठेवलं आणि जावयानं नदीकाठचं रान परीटवाड्याच्या नावे करून दिलं.